कागद कायकू?

२०२० सालच्या सुरुवातीला आमच्या ओट्यावर रोज मगरिबनंतर माणसं बसलेली असायची. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घरातले सगळे कागद. नागरिकत्वाचा कायदा आणि एनआरसी हे दोन शब्द तेव्हा मोहल्ल्यात भाजीच्या भावासारखे तोंडी झाले होते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा मास्तर, म्हणून लोक माझ्याकडे यायचे. एकाच्या आधारवर शेख, शाळेच्या दाखल्यावर शेक, मतदार यादीत शैक. बायकांच्या नावातला 'बी' एका कागदावर असायचा, दुसऱ्यावर गळालेला. मी अर्ज लिहून द्यायचो, प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून द्यायचो आणि जाताना प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचो, "कागद आधी, बाकी सगळं नंतर."

त्याच मास्तरने दोन वर्षांनी एक लाख बावन्न हजार रुपये रोख मोजून शेजारच्या राज्यातून एक जुनी गाडी घेतली. तिचं बुक न बघता. साधी पावतीही न घेता.

ही गोष्ट मी बरेच दिवस लिहायची टाळत होतो. लोकांना हसायला निमित्त मिळेल याची भीती होती, आणि दुसरं एक कारण होतं. ते शेवटी सांगतो.

गाडीची गरज खरी होती. अम्मीचं डायलिसिस सुरू झालं होतं, सोमवार आणि गुरुवार. पहाटेची पाळी मिळालेली. सोलापुरात त्या वेळी रिक्षा मिळते, पण एकदा मिळाली नाही. अम्मी थंडीत कोपऱ्यावर पाऊण तास उभी राहिली, उभं राहवेना तेव्हा बंद दुकानाच्या पायरीवर बसली. त्या दिवशी मी ठरवलं, काहीही करून चार चाकं घ्यायची. भिशीचे साठ हजार होते, बेगमने दोन बांगड्या काढून दिल्या, थोडे साठवलेले होते. दोन लाखांच्या आत काय मिळतं ते शोधू लागलो.

आमच्या भागातल्या मुसलमानांची सोयरीक भीमेच्या दोन्ही काठांवर असते. सोलापूर–विजयपूर रस्त्यावर टाकळीजवळ पूल ओलांडला की पलीकडे धूळखेड, म्हणजे कर्नाटक. पाटीवरची लिपी बदलते, घरातली बोली बदलत नाही. आमची दखनी दोन्हीकडे तीच. लग्नाच्या वराती त्या पुलावरून येतात-जातात आणि कुणाला वाटत नाही की आपण राज्य ओलांडलं. माझा साडू विजयपूरचा. त्याने फोन केला, "ओळखीतली गाडी आहे. २०१२ ची, पेट्रोल, एका हातातली, केए-२८ पासिंग. एक लाख ब्याण्णव म्हणतोय."

रविवारी गेलो. गोलघुमटाच्या बाजूच्या एका गल्लीत पांढरी छोटी गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी होती. पंचविशीतला मुलगा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की गाडी अब्बांची होती आणि अब्बांचं मागच्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, इंतकाल झालं. मी "इन्ना लिल्लाहि" म्हटलं आणि बॉनेट उघडून इंजिन बघायला लागलो.

हे वाक्य मुद्दाम लिहितोय. त्याने काहीही लपवलं नव्हतं. मालक मरण पावलाय, हे मला पहिल्या चहाच्या आधी कळलं होतं. मी ते ऐकलं आणि टायर किती झिजलेत ते मोजलं.

बुक कुठे आहे, हे मी विचारलं. हल्ली ते कार्ड असतं, पण आमच्याकडे त्याला अजून बुकच म्हणतात. तो म्हणाला, "इधर-उधर रखाय सर, मिलतेच भेजता. नहीं मिला तो डुप्लिकेट निकालेंगे." मी जरा थांबलो. तो हसून म्हणाला, "घर का मामला है सर. कागद कायकू?" साडूनेही माझ्याकडे असं बघितलं की पुढे विचारलं तर त्याची मान खाली जाईल. मी विचार केला, निम्मे-पाऊण पैसे द्यावेत, चाळीस हजार हातात ठेवावेत, बुक आलं की द्यावेत. स्वतःला शहाणा समजत मी गाडी घेऊन भीमा ओलांडली.

चार महिने गाडी छान चालली. अम्मी मागच्या सीटवर उशी घेऊन बसायची आणि येताना झोपून जायची. बुक येत नव्हतं. मी फोन करायचो, तो म्हणायचा, "ढूंढतौं सर." मी जाणकारांना विचारलं. जाणकार आपल्याकडे चहाच्या टपरीवर मिळतात. एकाने सांगितलं, दुसऱ्या राज्याची गाडी एक वर्ष बिनघोर चालते. दुसरा म्हणाला, विमा चालू आहे ना, मग कोण विचारतं?

दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि अर्धं खरं पुऱ्या खोट्यापेक्षा महाग पडतं. मोटार वाहन कायद्यात बारा महिन्यांची मुदत आहे खरी, पण ती गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवल्यावर नवा नंबर घेण्यासाठी आहे. मालकी बदलली तर ती कळवण्याची मुदत वेगळी. विकत घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या भागातल्या आरटीओकडे जायचं असतं. विकणाऱ्याने, गाडी परराज्यात चालली असेल तर, पंचेचाळीस दिवसांत कळवायचं असतं, ना हरकत प्रमाणपत्रासह. विम्याचंही तसंच. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली तर जुनी पॉलिसी त्याच्यासाठी उभी राहते, पण आपल्या गाडीचं नुकसान झालं तर पॉलिसी आपल्या नावावर हवी. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. मी यातलं एकही केलं नव्हतं. करणार तरी कशाच्या जोरावर? माझ्याकडे एक किल्ली होती.

एप्रिलमध्ये एका गुरुवारी दवाखान्यातून परतताना हवालदाराने हात केला. केए पासिंग बघून थांबवलं असावं. त्याने मशीनमध्ये नंबर टाकला आणि स्क्रीनवरचं नाव वाचून दाखवलं.

"हे कोण?"

"गाडी ज्यांची होती ते."

"कुठायत?"

"वारले."

"मग आता गाडी कुणाची?"

मला उत्तर देता आलं नाही. बी.एड. झालेला माणूस, वीस वर्षं मुलांना कर्ता-कर्म शिकवणारा, आणि 'गाडी कुणाची' या दोन शब्दांच्या प्रश्नाला माझ्याकडे कर्ता नव्हता. हवालदाराने मागे अम्मीकडे बघितलं, तिच्या हातावरची पट्टी बघितली. म्हणाला, "पेपर करून घ्या मास्तर. माझ्यापुढं दुसरा कुणी असा सोडणार नाही."

त्या रात्री झोप आली नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाबद्दल मी वाचलं होतं. एक गाडी या हातातून त्या हातात विकली गेली होती, नोंदणीवरचं नाव मात्र कुणीच बदललं नव्हतं. त्या गाडीखाली एक मूल गेलं. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, जबाबदारी त्याची. ज्याच्या घरावर आघात झाला त्याने खरेदी-विक्रीची साखळी शोधत दारोदार फिरायचं नाही. मी अंधारात हिशोब केला. माझ्या गाडीचा नोंदणीतला मालक कबरीत होता. ऑगस्टमध्ये विमा संपणार होता. उद्या माझ्या हातून काही झालं तर कागद त्याच्या घराचा पत्ता दाखवणार. त्या घरात कोण आहे, हे मी चार महिन्यांत विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आरटीओबाहेर बसणाऱ्या एका एजंटाकडे गेलो. लाकडी टेबल, त्यावर शिक्क्यांचा डबा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कोऱ्या कागदावर यादी करायला सुरुवात केली. बोलता बोलता लिहीत होता, "मयताचा मृत्यू दाखला. वारसांची यादी. बाकीच्या वारसांचं ना हरकत. मूळ आरसी. त्यावर ३१ नंबरचा फॉर्म. हे सगळं तिकडं, कर्नाटकात. मालक मेल्यावर तीन महिन्यांत करायचं असतंय, आता दंड बसेल. वारसाच्या नावावर झाली की २९ आणि ३० नंबर, म्हणजे तो तुम्हाला विकतोय. मग २८ नंबर, एनओसी, इथल्या आरटीओच्या नावानं. टॅक्स बाकी नाही, चलन बाकी नाही, बँकेचा बोजा नाही, गाडी चोरीची नाही, हे सगळं बघून ती मिळते. मग इकडं २७ नंबर, इथला टॅक्स, नवा नंबर. मग गाडी तुमची."

मी त्या यादीकडे बघत राहिलो. मयत, वारस, दाखला, ना हरकत, बाकी. पाचवी-सहावीच्या मुलांना मी दर वर्षी सांगतो की मराठीतले हे शब्द आपल्या उर्दूचे सख्खे भाऊ आहेत, एकाच अरबी-फारसी घरातून आलेले. कागद, दप्तर, करार, वसूल, जामीन, मुदत, हेही तिथलेच. मुलं खूश होतात. लिहिण्या-मोजण्याचे एवढे शब्द आपल्या घरातून गेले, आणि आपल्याच घरात कागद मागणं म्हणजे अपमान, हे कधीपासून झालं?

आपल्याकडे याचं समर्थनही तयार असतं. भावाभावांत काय लिहायचं? विश्वास नाही का? पण कुरआनातली सगळ्यात लांब आयत कोणती, हे मदरशात गेलेल्या कुणालाही विचारा. सूरह बकरामधली २८२ वी. ती नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय. आणि ती परक्यांशी कसं वागावं हे सांगत नाही. ईमान असलेल्यांना उद्देशून, त्यांच्या आपसातल्या व्यवहारांसाठी आली आहे. जिथे भरवसा आहे तिथेच लिहा, असा मी तिचा अर्थ घेतो.

हातोहात व्यवहाराला लिहिण्यातून सूट आहे, हेही त्याच आयतीत आहे. मी मनाला तेच समजावत होतो, इकडे पैसे तिकडे गाडी, हातोहात. पण ते खरं नव्हतं. मी पैसे दिले होते आणि मालकी मिळाली नव्हती. ती त्याच्याकडून येणं होतं. माझ्याकडून चाळीस हजार येणं होतं. दोन्ही बाजूंनी उधारी, आणि एक ओळ लिहिलेली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत एका बुधवारी विजयपूरला गेलो. अम्मी म्हणाली, मीही येते. गाडी न्यायची हिंमत नव्हती पण परत द्यावी लागली तर, म्हणून नेली. मुलाच्या दुकानात न जाता सरळ घरी गेलो, सांगून. अम्मीला आत नेलं, मी बाहेरच्या खोलीत बसलो. मधे पडदा होता आणि आवाज स्पष्ट येत होते.

मुलाची आई, साठीच्या आसपासची बाई. अम्मीने तिला आधी पुरसा दिला, जो मी जानेवारीत द्यायला हवा होता. मग दोघी आजाराचं बोलल्या, सुनांचं बोलल्या. मग अम्मीने सहज विचारलं, "गाडीचं बुक कुठं असेल हो?"

"मेरे ट्रंक में है," ती म्हणाली.

मी मुलाकडे बघितलं. तो चार्जरची वायर बोटाला गुंडाळत होता.

"ये तो बोला मिलता नहीं," अम्मी म्हणाली.

"मेरे से कब माँगा? चाबी माँगा, दे दी. बोला, सोलापूर के सर को चलाने को दियौं. बुक माँगता तो मैं पूछती ना, कायकू."

बस्स. चार महिन्यांचं कोडं एवढंच होतं. त्याने सगळी कपाटं शोधली होती, फक्त आईला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर गाडी विकली हे सांगावं लागलं असतं. आणि मग दुसरा प्रश्न आला असता. त्याला दोन बहिणी होत्या, एक हुबळीला दिलेली, एक कलबुर्गीला.

"अब्बा के बाद गाडी मेरीच है ना सर," तो हळूच म्हणाला. उद्धटपणे नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं. लॉकडाऊनमध्ये दुकानाचं भाडं थकलं होतं, माझे दीड लाख तिकडे गेले होते. तो ठग नव्हता. आपल्यातल्या बहुतेक मुलांना जसं वाटतं तसं त्यालाही वाटत होतं की बापाचं ते मुलाचं.

मी वही काढली. मास्तर माणसाला दुसरं काय येतं? मयताची देणी काही उरली नव्हती, हे आईने सांगितलं. मग गाडीचे एक लाख ब्याण्णव हजार. बायकोचा आठवा हिस्सा, चोवीस हजार. उरले एक लाख अडुसष्ट. मुलाला दोन वाटे, मुलींना एकेक, म्हणजे चार वाटे. मुलाचे चौऱ्याऐंशी हजार, एकेका बहिणीचे बेचाळीस. मी वही त्याच्यापुढे सरकवली. दीड लाखाच्या वर त्याने घेतले होते. त्याचे चौऱ्याऐंशी होते.

तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "किसीने ऐसा लिखके दिखाया नहीं सर."

फोन स्पीकरवर लावून दोन्ही बहिणींशी बोलणं झालं. मी आधी एकच विचारलं, तुम्हाला गाडी विकायची आहे का? नसेल तर ती दारात उभी आहे, ठेवून जातो, पैसे सवडीने द्या. थोरली म्हणाली, अम्मीला विचारा. अम्मी, म्हणजे त्यांची आई, म्हणाली, "दवाखाने को जाती ना गाडी? जाने दो." मग ती म्हणाली की माझे चोवीस हजार माफ, लिहू नका.

इथे मी अडून बसलो. म्हटलं, लिहू द्या, मग माफ करा. जे आपल्या नावावर लिहिलंच नाही ते माफ कसं करणार? लोक म्हणतात बहिणींनी माफ केलं, आईने माफ केलं. आकडा न सांगता घेतलेली माफी म्हणजे नुसतं गप्प बसवणं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "लिखो फिर."

मी उर्दूत लिहिलं. एका पानावर. गाडीचा नंबर, चासी नंबर, किंमत, किती दिले, किती राहिले. राहिलेले चाळीस हजार भावाकडे न देता दोन बहिणींना वीस-वीस हजार पोचते करायचे. उरलेले बावीस-बावीस हजार भावाने द्यायचे, मुदत घालून. आईचे चोवीस हजार, आणि त्याखाली तिच्या हातचं, "माफ किया". धाकट्या बहिणीचं शिक्षण कन्नड माध्यमातलं, तिला उर्दू सराईत वाचता येत नाही. म्हणून शेजारच्या मुलाकडून त्याखाली कन्नडमध्ये तोच मजकूर लिहून घेतला. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण आकडे कळत होते, ते तपासले. साडूने आणि शेजाऱ्याने साक्षीदार म्हणून सह्या केल्या. साडूची मान खाली गेली नाही.

निघताना मी गाडीच्या डॅशबोर्डमधून चष्म्याचं घर काढून त्या बाईंना दिलं. जानेवारीपासून ते तिथेच होतं, टाकवत नव्हतं. तिने ते उघडून बघितलं, पदराने पुसलं आणि ट्रंकेतून बुक आणून माझ्या हातात ठेवलं.

पुढचं सगळं आरटीओचं. गाडी आमच्या दारात ताडपत्रीखाली उभी राहिली आणि अम्मी पुन्हा रिक्षाने जाऊ लागली, पण आता ठरवून ठेवलेल्या रिक्षाने. मृत्यू दाखल्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं आणि आरसीवर वेगळं निघालं, त्याचं प्रतिज्ञापत्र झालं. २०२० च्या ओट्यावरचा अनुभव तिथे कामी आला. बहिणींची संमतीपत्रं आली. गाडी मुलाच्या नावावर, मग एनओसी, मग इकडे कर, तपासणी. दंड, एजंट, चकरा धरून बराच खर्च झाला. गाडी स्वस्त म्हणून घेतली होती, ती तशी राहिली नाही. डिसेंबरमध्ये एमएच-१३ ची पाटी लागली. त्या मुलाने बहिणींचे पैसे मुदतीनंतर, पण दिले. थोरलीने तसा निरोप पाठवला.

आता ते कारण सांगतो, ज्यासाठी हे लिहायला एवढा वेळ लागला.

त्या बुधवारी परत येताना संध्याकाळ झाली होती. भीमेच्या पुलावर आलो. मी जरा फुशारकीत होतो. एका बेवा बाईचं आणि दोन बहिणींचं हक्काचं काम आपल्या हातून झालं, अशी ती फुशारकी. अम्मी मागे उशीला टेकून बसली होती. मला वाटलं झोपली. पूल संपता संपता ती म्हणाली, "उन लोगां का तो बराबर किया. आपा का और छोटी का?"

आमचं घर अब्बांचं. यंत्रमागावर चाळीस वर्षं उभं राहून बांधलेल्या दोन खोल्या. २००९ साली ते गेले तेव्हा आपा आणि छोटी, दोघींनी स्टॅम्प पेपरवर हक्कसोड लिहून दिली. मजकूर वकिलाने तयार केलेला, मराठीतला. आपाला मराठी बोलता येतं, वाचायला जड जातं. मी, उर्दू-मराठीचा शिक्षक, तिथे हजर होतो. मी तिला ते वाचून दाखवलं नाही. म्हटलं, "आपा, इथं सही." तिने केली. घराची किंमत किती, तिचा हिस्सा किती, यातला एक आकडाही त्या दिवशी कुणाच्या तोंडून निघाला नाही. दुपारी बिर्याणी झाली.

माझ्याकडे त्या घराचे सगळे कागद आहेत. सही, शिक्का, नोंदणी, सातत्याने भरलेली घरपट्टी. २०२० मध्ये लोकांना दाखवायला मी तीच फाईल काढायचो, कागद कसे नीट ठेवावेत याचा नमुना म्हणून. त्या मुलाकडे गाडीचा कागद नव्हता आणि माझ्याकडे घराचा होता. एवढा फरक सोडला तर आम्ही दोघं एकाच बाकावर बसणारे विद्यार्थी होतो. कागदाचं काम असतं त्या खोलीत हजर नसलेल्या माणसाची बाजू सांभाळणं. पलीकडच्या घरातली विधवा, सासरी गेलेली बहीण, रस्त्यावरून चाललेलं अनोळखी मूल. ज्या कागदात ती माणसं पुसली जातात तो कायद्याने पक्का असला तरी कच्चाच.

बकरीदेला दोघी बहिणी आल्या तेव्हा मी वही काढली. या वेळी आकडे मोठे होते आणि माझा हात थरथरत होता. अम्मीचा आठवा हिस्साही लिहिला, जो तिने पुलावर मोजला नव्हता. आपाने आकडा वाचला, उर्दूत होता, मोठ्याने वाचला. तिचा चेहरा मला आठवतोय. तेरा वर्षांत तिला कुणी सांगितलंच नव्हतं की आपण एवढं सोडलं. छोटी म्हणाली, मुलीच्या शिक्षणाला लागतील, दे, सवडीने दे. तिचा हप्ता दर महिन्याला जातो, मी पावती मागतो, ती हसते पण पाठवते. आपाने अजून काही ठरवलेलं नाही. म्हणाली, सोचती हूँ. तिला वेळ घेऊ दे. तेव्हा आपण तिला पाच मिनिटंही दिली नव्हती.

हे वाचणाऱ्यांना एकच विनंती. परराज्यातली जुनी गाडी घेणार असाल तर आधी बुक बघा, नंबर टाकून बोजा आणि चलन बघा, एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, आणि घरचा माणूस असेल तर नक्की लिहून घ्या. पण गाडी घेणार नसाल तरी आज घरातली पेपरांची पिशवी काढा. स्कूटर, गाडी, घर, जे असेल ते. त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा. ते नाव मयताचं निघालं, तर वारस कोण कोण, हे बोटांवर मोजा. मोजताना बहिणींपाशी येऊन बोट थांबलं, तर पुढचं काम तिथून सुरू होतं.